बारा डब्यांची किल्ली

कुलूपवाल्याची किल्ली हरवली, हे त्याला कळलं मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता, घर नोंदणी कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीसमोर. अकरा वाजून एकोणतीस मिनिटांपर्यंत तो मजेत होता.

मजेत म्हणजे, जेवढं राहता येईल तेवढं. बायको जाऊन ऐंशी दिवस झाले होते. घर तिच्या नावावर होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने सांगून टाकलं होतं, "कुलपं माझी, घर तुझं." घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कुलपांचं दुकान. दुकानाचा परवाना महिनाअखेर संपत होता, नव्या परवान्याला घराच्या मालकाची संमती लागत होती, आणि मालकीण तर राहिली नव्हती. तेव्हा घर आपल्या नावावर करून घ्यायचं, एवढंच काम.

"एक अर्ज, एक सही, झालं!" असं शेजारच्या शिवणवाल्या वहिनींना सांगून तो निघाला होता. "पन्नास वर्षं कुलपं उघडतोय, वहिनी! माझ्यासमोर उघडलं नाही असं कुलूप अजून जन्माला यायचंय! सरकारी कार्यालयाचं काय घेऊन बसलात!"

आणि आता खिडकीपलीकडच्या बाई त्याला विचारत होत्या, "काका, बारा शब्द?"

"कसले बारा शब्द?"

"मालकिणीच्या नोंदीचे. गेल्या वर्षी सगळ्या घरांच्या नोंदी ब्लॉकचेनवर गेल्या ना, तेव्हा प्रत्येक मालकाला यंत्राने बारा शब्द दिले. ते क्रमाने सांगितले की नोंद उघडते."

"आणि नाही सांगितले तर?"

"नाही उघडत."

"मग तुम्ही तुमच्या किल्लीने उघडा."

"आमच्याकडे किल्ली नसते."

"मोठ्या साहेबांकडे असेल."

"त्यांच्याकडेही नसते."

"साहेबांच्या साहेबांकडे?"

"काका, कुणाकडेच नसते! तीच तर गंमत आहे!"

गंमत त्याच्या चेहऱ्यावर काही दिसेना, तेव्हा बाईंनी चष्मा वर केला आणि समजावून सांगितलं. बाई भल्या होत्या. "पूर्वी नोंदवही एकच असायची. कुणी पान फाडलं, कुणी खाडाखोड केली, की ह्याचं घर त्याच्या नावावर. आता तीच नोंद एकाच वेळी शंभर कार्यालयांत राहते. आणि प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीत अडकवलेली, साखळीच्या कडीसारखी. एक कडी बदलायची तर शंभर ठिकाणची साखळी तोडावी लागेल. म्हणून इथे एकदा लिहिलं की लिहिलं. पुसता येत नाही. घराचा नकाशा, वारसाचं नाव, वारसासाठी मालकाने लिहिलेली एक ओळ, सगळं आत बंद."

"साखळी आहे म्हणता, मग कुलूप असणारच," कुलूपवाला पुढे वाकला. "दाखवा. भोक कुठे आहे?"

"भोक नाही."

"भोक नाही?"

"नाही."

भोक नसलेलं कुलूप! पन्नास वर्षांत त्याने गंजलेली पाहिली, वाकलेली पाहिली, एकात तर मुंग्यांचं अख्खं वारूळ पाहिलं. पण भोकच नाही! म्हणजे डॉक्टरसमोर तोंड नसलेला माणूस येऊन बसावा आणि डॉक्टरने म्हणावं, जीभ दाखवा!

"नियम नीट ऐका," बाई म्हणाल्या. "मालक गेल्यापासून नव्वद दिवसांत वारसाने नोंद उघडायची. तीन संधी. तिन्ही चुकल्या किंवा दिवस उलटले, की नोंद गोठते. सात वर्षं."

"मी एकाहत्तरचा आहे, बाई. सात वर्षांनी मी ही नोंद उघडायला येईन, की माझी उघडायला दुसरंच कुणी येईल?"

"म्हणून म्हणते, घरी जा, शांतपणे शोधा."

शांतपणे शोधायचं सोडून हा गडी काय म्हणाला असेल? म्हणाला, "शोधायचं काय त्यात! पंचेचाळीस वर्षांचा संसार आहे. तिने काय शब्द ठेवले असतील ते मी डोळे मिटून सांगतो. घ्या लिहून!"

"काका, शब्द माणूस ठेवत नाही. यंत्र देतं."

"यंत्राने दिले असतील. तिने बदलून घेतले असणार! विकत घेतलेली वांगीसुद्धा ती बदलून आणायची!"

मागे रांग चुळबुळत होती. बाईंनी हताश होऊन अंगठ्याच्या यंत्रावर त्याचा अंगठा लावून घेतला आणि बोटं यंत्रावर ठेवली. त्याने मुलीचं नाव सांगितलं, नातीचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं, मेलेल्या कुत्र्याचं सांगितलं, सासूचंही सांगितलं. आठ शब्दांपर्यंत गाडी जोरात होती. नवव्याला घाम आला. शेवटचे चार शब्द त्याने भरले ते असे: कुलूप, किल्ली, चहा, लवकर.

पडदा लालभडक झाला.

"एक संधी गेली," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्याने मुलीला फोन लावला. मुलगी दूरच्या शहरात, परिचारिका. ती म्हणाली, "बाबा, आईने लिहून ठेवलेच असतील कुठेतरी. हळूहळू बघा. पसारा करू नका."

पुढच्या आठवड्यात त्या घराची जी दशा झाली, ती चोरांनीही केली नसती. चोर निदान घाईत असतात! त्याने ट्रंका उपसल्या. गाद्या उसवल्या. तसबिरींच्या मागचे पुठ्ठे काढले. घड्याळ खोललं, ते परत जोडलं, तेव्हापासून ते तासाला दोनदा वाजायला लागलं. तिच्या एका साडीच्या पदराला गाठ दिसली. त्याने ती सोडली. आत लिंबाच्या गोळीचा कागद निघाला. तो त्याने उलटसुलट करून वाचला, उजेडात धरून वाचला, आणि मग खिशात ठेवून दिला.

आठव्या दिवशी, बुधवारी, शिवणवाल्या वहिनी डबा द्यायला आल्या तेव्हा तो उशा फाडून बसला होता. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. म्हाताऱ्या मेंढ्यासारखा दिसत होता.

"भावजी! अहो, काय हे!"

"बारा शब्द शोधतोय."

वहिनी दारातच थबकल्या. "बारा शब्द? ते सरकारी? अहो, ते मला बोलली होती ती!"

कापूस उडाला. "काय बोलली होती?"

"शब्द नाही हो सांगितले. त्या कार्यालयात तिला दम भरला होता, कागदावर लिहायचे नाहीत, फोनमध्ये ठेवायचे नाहीत, कुणाला सांगायचे नाहीत, नवऱ्यालासुद्धा नाही. मी विचारलं, मग विसरलीस तर? तर हसली. म्हणाली, कागदावर नाही लिहायचे म्हणाले, बाकी कशावर नाही असं कुठे म्हणाले? म्हणाली, रोज हात लागेल अशा जागी ठेवलेत. ह्यांचाही हात लागतो. पाठ होतील आपोआप."

"माझा हात? रोज?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "माझा हात रोज कुलपांना लागतो. ब्रशला लागतो. पेल्याला लागतो..."

वहिनी डबा ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या. तिथून त्यांचा आवाज आला, वेगळाच. "भावजी, ह्या डब्यांवरच्या जुन्या पट्ट्या कुठे गेल्या?"

आता इथे मागे जावं लागेल, नाहीतर कुलूपवाल्याने काय करून ठेवलं होतं ते तुम्हाला कळायचं नाही.

वर्षभरापूर्वी त्याच्या बायकोने एकाएकी स्वयंपाकघरातल्या बारा डब्यांवर चिकटपट्ट्या लावल्या आणि त्यांवर जाड पेनाने नावं घातली. साखरेच्या डब्यावर हत्ती. चहाच्या डब्यावर पाऊस. मिठाच्या डब्यावर बेडूक! त्याने विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "माझी पद्धत." त्या दिवसापासून ती बोलायचीही तसंच. "अहो, पाऊस संपत आला, आणा." "सुतार जपून काढा, डोळ्यांत जाईल." पहिल्या आठवड्यात त्याने तिला चहा करून दिला तो खारट, आणि भाजी केली ती गोड. तिने दोन्ही निमूट संपवलं आणि म्हणाली, "बेडूक कुठला, हत्ती कुठला, एवढं ओळखू नये माणसाने?"

तो घाबरला. त्याला वाटलं, बायकोच्या डोक्यात काहीतरी हललं. आपला गुडघा दाखवायचं निमित्त करून तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टर, ही साखरेला हत्ती म्हणते." डॉक्टरांनी तिला वार विचारला, तारीख विचारली, मग म्हणाले, शंभरातून सात सात वजा करत या. ती थेट दोनपर्यंत उतरली. डॉक्टर अजून बोटांवर एकोणऐंशीला होते. मग ती म्हणाली, "आता ह्यांना विचारा, घरात मीठ कुठल्या डब्यात आहे." त्याला सांगता आलं नाही. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. त्याला!

ती गेली अचानक. ताप आला आणि चौथ्या दिवशी गेली. काही सांगायला सवड मिळाली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एका दुपारी काही सुचेना म्हणून त्याने स्वयंपाकघर आवरायला घेतलं. डब्यांवरच्या त्या खुळ्या चिकटपट्ट्या रॉकेलने भिजवून, तारेच्या घासणीने घासून साफ केल्या. मग दुकानातलं किल्ल्यांवर नंबर कोरायचं यंत्र आणलं आणि बाराही डब्यांवर पत्र्यात खोल कोरून टाकलं. साखर. चहा. मीठ. अक्षरं अशी की घर पडलं तरी वाचता यावीत! डब्यांच्या जागा मात्र त्याने बदलल्या नव्हत्या. तेवढा धीर झाला नव्हता.

"एकदा कोरलं की कोरलं. पुसता येत नाही. कुणालाच!" असं तेव्हा तो छाती काढून स्वतःशीच म्हणाला होता.

आणि आता तो डब्यांसमोर उभा होता. सरकारने शंभर कार्यालयांत जपलेलं कुलूप, आणि किल्ली त्याने स्वतःच्या हाताने तारेच्या घासणीने घासून मोरीत सोडलेली!

"बसा आधी," वहिनी म्हणाल्या. "घासली ती पट्टी. डोक्यातलं कुठे घासलंय? आठवायचं!"

मुलीला फोन लावला आणि फोन पोळपाटावर ठेवला. तिघंजण डब्यांना लागले.

"हत्ती साखर, पाऊस चहा, बेडूक मीठ," कुलूपवाल्याने बोटं मोडली. "हे तीन मी मेलो तरी विसरणार नाही."

"बेडूक मीठ?" वहिनी उडाल्या. "बेडूक म्हणजे मीठ होतं? अरे देवा! मागे मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं, ती तुम्हाला म्हणत होती, आज भाजीत बेडूक जास्त पडला हो, पाणी घालू का? मी महिनाभर तुमच्याकडचं काही खाल्लं नाही!"

"म्हणून तुमचं पोट बिघडलेलं होतं होय, महिनाभर?"

"मग काय सांगणार होते!"

फोनमधून मुलगी हसत होती. हसता हसताच म्हणाली, "बाबा, तांदळाला शिडी. मी आले होते तेव्हा आई म्हणाली होती, दोन वाट्या शिडी धुऊन घे. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं."

"सुतार म्हणजे तिखट. डाळ छत्री," कुलूपवाला म्हणाला.

"पिठाला चंद्र. दोनदा मळलाय मी चंद्र," मुलगी म्हणाली.

असे करत करत अकरा झाले. मिरपुडीला ढग, कॉफीला पतंग, दालचिनीला नदी, खायच्या सोड्याला खिडकी. बारावा डबा फळीच्या डाव्या टोकाला. त्यावर आता कोरलेलं होतं, बिस्किटं.

"ह्याचं काय होतं?" वहिनींनी विचारलं.

कुलूपवाला छताकडे बघायला लागला.

"बाबा, तो डबा तर तुम्ही कधी उघडलाच नसेल," मुलगी म्हणाली. "तुम्हाला साखर आहे म्हणून आईने त्याला कुलूप लावलं होतं. पाहुण्यांसाठी होती ती बिस्किटं. गेलं मग. बारावा शब्द गेला!"

"घुबड," कुलूपवाला म्हणाला.

"काय?"

"घुबड. घुबड लिहिलेलं होतं. जाड अक्षरात. घ च्या वर थोडी शाई पसरली होती."

वहिनींनी कमरेवर हात ठेवले. "आणि तुम्हाला इतकं बारीक कसं माहीत, भावजी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "रोज दुपारी ती तुमच्याकडे बसायला यायची ना," तो म्हणाला, "तेव्हा दोन. कधी तीन. कुलूप माझ्याच दुकानातलं. केसांच्या पिनेने तीन सेकंद!"

"बाबा! तुमची साखर तीनशेवर का जात होती त्याच्यावर मी आणि डॉक्टर वर्षभर डोकं फोडत होतो!"

"पण तिला पत्ता नव्हता!" कुलूपवाल्याची छाती पुन्हा वर आली. "शेवटपर्यंत नाही! कुलूप जसंच्या तसं, डबा जसाच्या तसा! तिला सगळं कळायचं, पण हे नाही कळलं!"

शब्द बारा झाले. पण त्याचा पाय काही निघेना. दोनच संधी उरल्या होत्या. गुरुवार गेला. शुक्रवार उजाडला, नव्वदावा दिवस. वहिनींनी हातात पिशवी दिली आणि त्याला जवळजवळ ढकललं. दुपारी तीन वाजता तो चार नंबरच्या खिडकीसमोर उभा राहिला आणि फळीवर डबे होते त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे, शब्द सांगितले. घुबड, खिडकी, नदी, सुतार...

बाई टाइप करता करता थांबल्या. "काका, हे सगळे यादीतले आहेत! यंत्र शब्द देतं त्या सरकारी यादीतले! सांगा, सांगा!"

रांगेतली माणसं जवळ सरकली. बाराव्या शब्दाला बाईंनी श्वास रोखून बटण दाबलं.

लाल.

"शब्द बरोबर असणार हो," बाई कळवळून म्हणाल्या. "क्रम चुकला. एक संधी आहे. पाच वाजता कार्यालय बंद होतं, आणि आज शेवटचा दिवस."

"बारा शब्दांचे क्रम किती होतात?"

बाईंनी यंत्रावर आकडेमोड केली आणि पडदा त्याच्याकडे वळवलाच नाही.

तो घरी चालत आला. दुकानाच्या पाटीखालून जाताना त्याने वर पाहिलं नाही. घरापाशी आला, दारात चपला काढल्या, खिशातून किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवली. डावीकडे.

हात तिथेच थांबला.

जगातली सगळी दारं किल्ली उजवीकडे फिरवून उघडतात. हे एकच दार डावीकडे. कारण त्याची बायको डावखुरी होती. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला कुठलंच कुलूप नीट उघडता येईना. सासूच्या देखत ती दाराशी झटायची. तेव्हा त्याने एक कुलूप खोललं, आतले सगळे भाग उलटे बसवले आणि तिच्या हातात किल्ली दिली. पंचेचाळीस वर्षं तो स्वतः ते कुलूप उलटं फिरवत होता, इतकं की उलटं आहे हेच विसरला होता.

डावखुरी! भाजी उलटी चिरायची. कपडे दोरीच्या उजव्या टोकापासून वाळत घालायची. आणि फळीवर डबे मांडायला उभी राहिली असेल तर पहिला डबा कुठे ठेवला असेल?

"उजवीकडे!" तो ओरडला. "हत्ती पहिला!"

वहिनी शिवणयंत्रावरून उठून बाहेर धावल्या. त्यांना रस्त्याच्या टोकाला कुलूपवाल्याची पाठ तेवढी दिसली. एका पायात चप्पल, दुसऱ्यात वहिनींच्या दारातला बूट. दाराला किल्ली तशीच लटकत होती. आयुष्यभर दुसऱ्यांना कुलूप लावायला सांगणारा माणूस घर सताड उघडं टाकून पळाला होता!

कार्यालयात शिरला तेव्हा पाचला दहा कमी. पहारेकरी दार ओढून घेत होता. त्याच्या बगलेखालून हा आत.

"बाई! उलटं! उलटं करा!"

बाई पर्स आवरत होत्या. ती त्यांनी टाकून दिली. "बसा! अंगठा... अरे, अंगठ्याचं यंत्र?"

अंगठ्याचं यंत्र लोखंडी कपाटात गेलं होतं. साडेचारला ते रोज कपाटात जातं. कपाटाला कुलूप. आणि किल्ली घेऊन शिपाई मेहुणीच्या साखरपुड्याला!

मोठे साहेब केबिनमधून आले. त्यांनी शिपायाला फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता. साहेब ओरडत होते "किल्ली!" आणि पलीकडून कुणीतरी ओरडत होतं "जेवूनच जा!"

"क्षमा करा," साहेब म्हणाले. "पाच वाजले की यंत्रणा आपोआप बंद होते. शंभर कार्यालयांत एकदम. माझ्याही हातात नाही."

"ह्या कपाटाला भोक आहे का?" कुलूपवाल्याने विचारलं.

"काय?"

"भोक! भोक!"

"आहे की."

"मग सरका! बाई, केसांतली पिन द्या!"

साहेब म्हणाले, "अहो, ही सरकारी मालमत्ता आहे, असं कुणालाही..." त्यांचं "कुणालाही" पूर्ण होईपर्यंत कपाट उघडलं होतं. तीन सेकंद. शंभर कार्यालयांतली, खाडाखोड न होणारी, कुणाच्या बापाला न उघडणारी ती सगळी व्यवस्था ज्या कपाटात राहत होती, त्याचं कुलूप बिस्किटांच्या डब्याच्या कुलपाचं सख्खं भावंड होतं!

पाचला तीन कमी. अंगठा लावला. बाईंची बोटं यंत्रावर.

"हत्ती," कुलूपवाला म्हणाला. "पाऊस. बेडूक. शिडी."

आता तो आठवत नव्हता. तो डोळे मिटून फळीसमोर उभा होता आणि कुणीतरी एक एक डबा मागत होतं.

"चंद्र. छत्री. ढग. पतंग."

पहारेकरी आत आला होता. सफाईवाली केरसुणी धरून उभी होती. साहेबांनी अजून फोन कानालाच लावलेला होता. बँड वाजत होता.

"सुतार. नदी. खिडकी."

"आणि?"

"घुबड."

बटण.

पडदा हिरवा झाला.

काय आरडाओरडा झाला म्हणता! पहारेकऱ्याने टोपी उडवली. सफाईवालीने केरसुणी. बाई खिडकीचं दार उघडून बाहेर आल्या आणि त्यांनी कुलूपवाल्याचे दोन्ही हात धरून हलवले. साहेब फोनमध्ये म्हणाले, "अभिनंदन!" आणि शिपायाला वाटलं ते मेहुणीसाठी आहे. एकाहत्तर वर्षांचा माणूस एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून कार्यालयाच्या मधोमध उभा होता आणि म्हणत होता, "सांगितलं नव्हतं? माझ्यासमोर उघडलं नाही असं कुलूप..."

"काका," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "वारसासाठी ओळ आहे. तुमच्या मिसेसनी लिहिलेली. मोठ्याने वाचावी लागते, नियम आहे."

कुलूपवाल्याने चष्मा पुसला. "वाचा."

बाईंनी आधी मनात वाचलं. त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. मग त्यांनी वाचलं:

"हे उघडलंत, म्हणजे रोज दोन बिस्किटं तुम्हीच खात होतात. तीन घेतलीत त्या दिवसांच्याही तारखा मला माहीत आहेत."

पहारेकऱ्याला ठसका लागला. साहेबांनी तोंड भिंतीकडे केलं.

"हे... हे आता कुठे कुठे दिसणार?" कुलूपवाल्याने विचारलं.

"नोंद उघडली ना. शंभर कार्यालयांत."

"किती दिवस?"

"कायम."

"पुसता नाही येणार?"

"नाही, काका. कुणालाच."

तो पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "परत एकदा वाचा." बाईंनी परत वाचलं. "तारखासुद्धा!" तो म्हणाला आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याने चष्मा पुन्हा काढला. "बघा! म्हटलं नव्हतं, तिला सगळं कळायचं!" म्हटलं त्याने नेमकं उलटं होतं, पण त्या दिवशी उलटंच चालत होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

त्याच संध्याकाळी घर त्याच्या नावावर झालं. पुढच्या आठवड्यात दुकानाचा परवाना आला. साहेबांनी कपाटासाठी नवं कुलूप त्याच्याकडूनच नेलं. डबे अजून तेच आहेत. कोरलेलं पुसता येत नाही, म्हणून त्याने कोरलेल्या अक्षरांवरच नव्या चिकटपट्ट्या लावल्या. उजवीकडून पहिला हत्ती. वहिनी हल्ली त्याच्याकडे चहाला आल्या की आधी विचारतात, ह्यात बेडूक तर नाही ना?

यंत्राने त्यालाही नवे बारा शब्द दिलेत. ते कुठे ठेवलेत ते तो कुणाला सांगत नाही. मुलगी आली की तिला डब्यांची झाकणं उघडून आतलं काहीबाही आणायला सांगतो, एवढंच. त्याच्या नोंदीतली एक जागा मात्र रिकामी आहे. बाईंनी दोनदा आठवण केली. तो दोनदा खिडकीपर्यंत जाऊन परत आला. वारसासाठीची ओळ त्याने अजून लिहिलेली नाही.